चुलीवरची पुस्तकं

माझ्या कपाटात एक पुस्तक आहे, त्याला अजून धुराचा वास येतो. कडा काळपट, पानं खरपूस भाजलेल्या रव्याच्या रंगाची. मुलगी म्हणते, आई, फेक ते, सगळ्या कपाटाला वास लागलाय. मी म्हणते, लागू दे, बाकीच्या पुस्तकांचं भलं होईल. तिला वाटतं म्हातारपणी आईचं डोकं जरा सरकलंय. इतक्या वर्षांत मी तिला या पुस्तकाची गोष्ट सांगितली नाही, कारण त्या गोष्टीत मी काही फार चांगली दिसत नाही. आता मात्र सांगून टाकावी म्हणते.

गडचिरोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. इतकी वर्षं सरकारी कामाच्या चकरा चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, मारायच्या, त्या आता गडचिरोलीला मारायच्या, एवढाच आम्हाला कळलेला फरक. मी आरमोरीच्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले होते. ग्रंथपाल हा शब्द मोठा. झाडू मारणंही माझ्याकडे, माठ भरणंही माझ्याकडे आणि थकलेली पुस्तकं मागायला दारोदार हिंडणंही माझ्याकडेच. दोन खोल्या, चार लाकडी कपाटं आणि एक लांब टेबल. टेबलाशी सकाळी वर्तमानपत्रवाले म्हातारे बसत, आणि एकच पेपर पानापानांनी वाटून घेऊन वाचत. शेवटचं पान कोणाकडे आहे यावरून रोज भांडण व्हायचं.

मी मूळची नागभीडची. बाबा रेल्वेत गँगमन होते, रुळांवरून हातोडा घेऊन चालायचे. त्यांना अक्षर येत नव्हतं. बाबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातले देव गेले आणि भिंतीतली देवळी रिकामी झाली. त्या देवळीत बाबांनी एक पुस्तक आणून ठेवलं. जंक्शनवर कोण्या प्रवाशाचं राहून गेलेलं होतं ते. रोज सकाळी कामाला निघण्याआधी ते स्वच्छ फडक्यानं पुसायचे. मी वाचायला शिकले तेव्हा कळलं की ते शिवणकामाचं पुस्तक आहे, पोलक्याचं माप कसं घ्यायचं वगैरे. मी हसत हसत सांगितलं. बाबा म्हणाले, "असू दे ना वं, पुस्तक तं हाय." आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी ते तसंच पुसलं. हे मी इथे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे ज्या दिवशी हे मला आठवायला हवं होतं, त्याच दिवशी आठवलं नाही.

वाचनालयाचे सचिव निवृत्त शिक्षक होते. त्यांना सगळे गुरुजी म्हणत, मीही गुरुजीच म्हणे. एक दिवस ते एक परिपत्रक घेऊन आले. आपल्याकडच्या ग्रंथसंग्रहाचा उपयोग करून जे वाचनालय शिक्षणाचा काही उपक्रम चालवील, त्याला जिल्ह्याच्या ऑफिसातून छोटंसं अनुदान मिळणार होतं. छोटंसं म्हणजे खरंच छोटंसं. पाट्या, कंदिलाचं रॉकेल आणि एसटीचं भाडं निघेल एवढंच. गुरुजी म्हणाले, "बाई, लिवा अर्ज. मांगितल्याशिवाय मायही दूध पाजत नाई."

काय लिहायचं, हे मला आधीच ठाऊक होतं, कारण त्याच महिन्यात ती दारात येऊन उभी राहिली होती.

बाजाराचा दिवस होता. माझ्याच वयाची एक बाई, डोक्यावर पत्रावळींचा भारा, वाचनालयाच्या पाटीकडे बघत थांबली होती. ओठ हलत होते. "वा... च... ना..." इतकं झालं आणि ती अडली. मी बाहेर येऊन म्हटलं, "वाचनालय." ती लाजली नाही. वैरागडच्या पुढे जंगलात तिचं गाव. घरची बोली गोंडी, पण माझ्याशी ती आपल्या झाडीच्या मराठीत बोलली. म्हणाली, "आश्रमशाळेत होतो मी दुसरीपर्यंत. मंग बापानं आणलं घरी. आता अर्धं गेलं." मग तिनं विचारलं, "अर्धं गेलेलं परत येते काय जी?"

मी ग्रंथालयाचा सर्टिफिकेट कोर्स केला होता. त्यात वर्गीकरण होतं, तालिका होत्या, नोंदवही कशी आखायची हे होतं. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच धड्यात नव्हतं. मी म्हटलं, "येते. पुस्तक जवळ असलं तर येते."

म्हणून मी अर्जात लिहिलं: वाचनालयातली तीस पुस्तकं एका लाकडी पेटीत घालून ती पेटी त्या गावी ठेवायची, महिन्यातून एका रविवारी ग्रंथपालानं जाऊन वाचनाचा वर्ग घ्यायचा आणि पुस्तकं बदलायची. 'उद्दिष्ट' या रकान्यात 'अर्धं गेलेलं परत आणणे' असं लिहायची फार इच्छा होती. गुरुजींनी तिथं 'ग्रामीण व आदिवासी भागात वाचनाभिरुची वृद्धिंगत करणे' असं लिहायला लावलं. वृद्धिंगत हा शब्द असल्याशिवाय साहेब लोक कागद हातात धरत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता.

अर्ज तीन प्रतींत द्यायचा. पहिल्यांदा परत आला, कारण मी कार्बन उलटा घातला होता आणि दुसऱ्या प्रतीचा मजकूर पहिलीच्याच पाठीवर उमटला होता. दुसऱ्यांदा परत आला, कारण कार्यकारिणीच्या ठरावावर शिक्का नव्हता. तिसऱ्यांदा 'लाभार्थी' या रकान्यात मी 'सगळे गाव' असं लिहिलं होतं, त्याखाली लाल शाईनं रेघ होती आणि पुढे लिहिलं होतं, 'म्हणजे किती?' आता गाव काय मोजून सांगणार? आठ दिवस मोहाची फुलं वेचायला जंगलात, आठ दिवस कोण्या पाहुण्याकडे. शेवटी मी घरं मोजून आकडा लिहिला. चौथ्यांदा तो अर्ज मंजूर झाला. त्या दिवशी गुरुजींनी पेपरवाल्या म्हाताऱ्यांना चहा पाजला आणि शेवटच्या पानावरून भांडण झालं नाही.

पेटी एसटीच्या टपावर चढवून मी फाट्यावर उतरले, तेव्हा घ्यायला दोन माणसं आली होती. त्यांनी कावड आणली होती. एका बाजूला पेटी बांधली, आणि तोल साधायला दुसऱ्या बाजूला एक दगड. दोन कोस रान तुडवत आमच्या वाचनालयाची पुस्तकं दगडाच्या जोडीनं चालली. पुढच्या वेळी त्यांनी दगडाऐवजी मिठाचं पोतं लावलं. रिकामं ओझं कशाला न्यायचं, हा त्यांचा हिशेब.

पेटी तिच्या घरी ठेवायची ठरली, कारण गावात वाचण्याची हौस असलेली ती एकटीच होती. भूमिया म्हणजे गावचा मानाचा म्हातारा; त्यानं पेटीला हात लावून बघितला आणि म्हणाला, "ठेवा. पन हरवली तं आमचं गाव गेलं समजा." मला तेव्हा हे बोलणं जरा जास्तच वाटलं होतं.

ते काही महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. मी खोटं कशाला बोलू. रविवारी सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारी गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, सावलीत बसायचं. बाया पानं टाचत टाचत ऐकायच्या, ती वाचायची. पहिल्यांदा चित्रांची पुस्तकं, मग छोट्या गोष्टी, आणि उन्हाळा लागला तसं तिनं पेटीतलं सगळ्यात जाड पुस्तक उचललं. समुद्रावर जहाज घेऊन गेलेल्या माणसांची गोष्ट होती ती. एका ओळीला तिला एक विडी ओढून होईल इतका वेळ लागायचा. पण घाई कोणालाच नव्हती. एक म्हातारी मधेच विचारायची, "समुद्र म्हंजे वैनगंगेहून मोठा काय?" ती माझ्याकडे बघायची. मी हो म्हणायचे. मी स्वतः तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता.

शेवटच्या पानाला चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर पुस्तक घेणाऱ्याची सही लागते. हे जाड पुस्तक घेतलं तेव्हा तिनं अंगठा उमटवला होता. ज्येष्ठात तिनं त्याच चिठ्ठीवर सही केली. तिच्या नावातली तिन्ही अक्षरं एकमेकांपासून लांब लांब उभी होती, जशी काही बोलेनाशी झालेली भावंडं. जहाजाची गोष्ट तेव्हा निम्म्यावर आली होती. "पाऊस लागला आता, बाई," ती म्हणाली. "नाल्याले पानी आलं का तुम्ही नाई येत. दिवारीलेच भेट. तवरीक मी वाचून ठेवतो."

आणि तसंच झालं. चार महिने रस्ता बंद होता.

दिवाळी सरली आणि जिल्ह्याच्या ऑफिसातून पत्र आलं. पुढच्या वर्षीचं अनुदान द्यायचं की नाही, ते ठरवायला साहेब स्वतः तपासणीला येणार होते. साहेब देशावरचे. गडचिरोलीला बदली म्हणजे काळं पाणी समजून आलेले, पण माणूस कामाला चोख. ऑफिसला जीप नव्हती. माझ्याबरोबर एसटीनं आले, आणि दोन कोस शहरी बुटांनी चालले. पोचेपर्यंत त्यांच्या दोन्ही टाचा सोलल्या होत्या आणि मीही मनातून पार धास्तावले होते. हे अनुदान गेलं तर कार्यकारिणी पेटी बंद करणार, हे गुरुजींनी मला स्वच्छ सांगितलं होतं.

गावानं पाय धुवायला पाणी दिलं, बसायला खाट टाकली. साहेब म्हणाले, "आधी ग्रंथ दाखवा."

मी त्यांना तिच्या घरात नेऊन पेटीचं झाकण उघडलं. पेटी रिकामी होती. तळाशी लाल मातीचे पोपडे, आणि एका बाजूची फळी आतून पोखरलेली.  मागून ती शांतपणे म्हणाली, "तिथी नाई बाई. वर पाहा."

वर चुलीच्या थेट डोक्यावर शिंकी टांगलेली होती. दोन शिंक्यांत मक्याची कणसं, भोपळ्याच्या तुंब्यात भरलेलं कसलंसं बी. आणि बाजूच्या तीन शिंक्यांत आमची पुस्तकं. चार महिने खालून धूर खात होती. पाठी काळ्या, कडा काळ्या, वाचनालयाचे शिक्के दिसेनासे झालेले.

साहेबांनी एक पुस्तक काढलं, बोट फिरवलं, आणि काळं झालेलं बोट मला दाखवलं. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, कारण मग मी बोलले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, तो अजूनही तिथंच आहे. मी सगळ्यांच्या देखत तिच्यावर ओरडले, "अक्कल आहे का तुला? पुस्तकं म्हणजे काय मासोळ्या वाटल्या, धुरावर वाळत घालायला?"

घरातली माणसं खाली बघायला लागली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "पेटीले उधई लागली होती. बी ठेवतो ना बाई आमी, तिथीच ठेवलं."

उधई म्हणजे वाळवी. मी ते ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. साहेबांसमोर माझी नोकरी, माझा उपक्रम, माझी अब्रू, सगळं त्या काळ्या बोटावर चिकटलेलं दिसत होतं. साहेबांनी वहीत शेरा लिहिला: 'ग्रंथांची निगा राखलेली नाही. सर्व ग्रंथ धुराने काळवंडलेले.' पुस्तकं आम्ही तिथंच सोडली आणि परत निघालो. 

पौषात ऑफिसचं पत्र आलं. शेऱ्याबाबत खुलासा करावा, अन्यथा अनुदान बंद. गुरुजी माणूस वाईट नव्हते, पण चाळीस वर्षं सरकारी कागदांत घातलेली. ते म्हणाले, "हे पाहा बाई, सोपं हाय. लिवा का आदिवासींच्या अज्ञानानं नुकसान झालं, आमची चूक नाई, आता हे गाव वगळतो आन सडकेवरच्या गावात पेटी ठेवतो. अनुदान वाचते, वाचनालय वाचते. काऊन जीव जाळता?"

मी तसंच लिहिलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. तहसीलसमोरच्या टायपिस्टाकडून तीन प्रती काढून आणल्या, आणि दुसऱ्या दिवशी टपालात टाकायच्या म्हणून टेबलावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी दार उघडलं तर पायरीवर ती बसलेली. काखेत पदरात गुंडाळलेलं काहीतरी, आणि हातात मधाची बाटली, तोंडाला पानाचा बोळा. बाटली पुढे करून म्हणाली, "साहेबाले द्या. मोठे रागावले होते." मग पदरातून तिनं जहाजाचं पुस्तक काढलं. धुरकटलेलं, पण पुसून पुसून चकचकीत केलेलं. "हे परत द्याले आनलं, तारीख सरली ना. निम्मं व्हायचंच हाय अजून. पावसात धानाचा रोवना, मंग कापनी, वाचाले भेटलंच नाई. पेटी आली का मंग वाचतो."

मी बाटली घेतली. म्हटलं, बस, पाणी घे. मी माठाकडे गेले. परत आले तर ती टेबलाशी उभी होती. बोट टंकलेल्या कागदावर. तिचं तोंड उजळलं होतं.

"बाई, आमच्या गावाचं नाव!"

खरंच होतं. तिच्या गावाचं नाव छापल्यासारख्या अक्षरात, सरकारच्या कागदावर. तिनं ते दोनदा वाचलं. मग बोट पुढं सरकलं. "हे... गाव... व... ग... ळू... न." तिनं मान वर केली. "वगळून म्हंजे काय जी?"

मी आजवर पुष्कळांना पुष्कळ शब्दांचे अर्थ सांगितले आहेत. तेवढा एक सांगताना मी माठाकडे बघत होते. म्हटलं, "वगळून म्हणजे... सोडून."

ती कागदाकडे बघत राहिली. पुढचं तिनं वाचलं नाही, वाचायची गरज नव्हती. "आमचं गाव सोडून," ती म्हणाली. "मंग पेटी येत नाई." रागावली नाही, रडली नाही. कागद सरळ करून जिथे होता तिथे ठेवला. मला वाटतं तिनं दोन कानफटात मारल्या असत्या तर मी कमी शरमले असते. मीच तिला वाचायला शिकवलं होतं, आणि त्या शिकण्याचं हे पहिलं फळ मी तिच्या हातात ठेवलं होतं.

ती निघाली. निघताना जहाजाचं पुस्तक आपल्या हातानं जागेवर ठेवावं म्हणून कपाटाशी गेली. पुस्तक ठेवायला हात आत घातला आणि तशीच थांबली. भिंतीवरून मातीची एक बारीक वाट कपाटाच्या मागे उतरत होती. तिनं नखानं खरवडली. मग खालच्या फळीवरचं एक जाडजूड पुस्तक उचललं. बाहेरून अगदी कोरं, पाठीवर सोनेरी अक्षरं. उघडलं तर आत पानं नव्हतीच, नुसती चाळणी, आणि त्यात वळवळणारी पांढरी वाळवी. तिनं शेजारचं उघडलं. तेही तसंच. त्याच्या शेजारचंही.

ती माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर टोमणा नव्हता, खरोखरची काळजी होती. आपल्या घरी कोण्या पाहुणीचं लेकरू आजारी दिसावं तशी.

"इथी चूल नाई काय, बाई?"

 तेव्हा कुठे मला देवळी आठवली, आणि बाबांच्या हातातलं ते फडकं. अक्षर न येणाऱ्या माणसानं पोलक्याची मापं देवाच्या जागी ठेवली होती, तर माझा ऊर अभिमानानं भरून यायचा. आणि या लोकांनी आमची पुस्तकं उद्याच्या पेरणीच्या बियाण्याशेजारी ठेवली. बियाणं म्हणजे उपाशी राहील पण गाव ज्याला हात लावणार नाही ती वस्तू. त्यावर मी मासोळ्या म्हणाले होते.

मी तिन्ही प्रती फाडल्या. गुरुजी नुकतेच आत येत होते, ते "अवं, अवं" करत राहिले. मी त्यांच्यासमोर ती पोखरलेली पुस्तकं मांडली. त्यांनी एक उचललं, उलटं धरलं, माती खाली सांडली.  मग म्हणाले, "जा तुम्ही गडचिरोलीले. पन ते मध नका नेऊ, लाच होईन." तो मध मग आम्ही तिघांनी चाटून खाल्ला.

साहेबांच्या टेबलावर मी दोन पुस्तकं ठेवली. एक आमच्या कुलूपबंद कपाटातलं, एक तिच्या चुलीवरचं. साहेबांनी आधी सोनेरी अक्षरांचं उघडलं. वाळवी जिवंत होती. ती बाहेर पडली आणि सरळ त्यांच्या फायलींवर चालायला लागली. साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले, "उचला, उचला ते आधी!" मी उचललं. मग त्यांनी जहाजाचं पुस्तक घेतलं. पान न् पान उलटलं. नाकाशी नेलं.

"आणि याला एकही भोक नाही?"

"नाही साहेब. पेटीची फळी खाल्ली वाळवीनं. म्हणून त्यांनी पुस्तकं तिथं ठेवली, जिथं ते बी ठेवतात." मग एका दमात मी सगळं सांगितलं, माझं ओरडणं आणि फाडलेला खुलासासुद्धा. वृद्धिंगत हा शब्द एकदाही वापरला नाही.

साहेबांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं फायलींच्या रॅकमागून मातीची तशीच एक वाट वर चढत होती. मग त्यांनी विचारलं, "लाकूड कोणतं जाळतात ते?" मी म्हटलं, विचारून कळवते. ते म्हणाले, "असू द्या. ऑफिसात चूल मांडता येणार नाही." मग पेन उघडून म्हणाले, "बाई, लिहिलेला शेरा मला खोडता येत नाही. पण शेऱ्यावर शेरा लिहिता येतो."

मार्चमध्ये मंजुरीचा कागद आला. नवी पेटी घेऊन मी फाट्यावर उतरले तेव्हा मोहाचे दिवस होते. गावात चिटपाखरू नव्हतं. कावडवाल्यांनी मला सरळ झाडांखालीच नेलं. सगळं रान गोड वासानं जड झालेलं, खाली पिवळट फुलांचा सडा, आणि अख्खं गाव टोपल्या घेऊन वाकलेलं. मला बघून ती उठली, हात लुगड्याला पुसले.

मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुला फार वाईट बोलले. मला माफ कर."

"मासोळ्या म्हनल्या होत्या तुम्ही," ती म्हणाली आणि इतकी हसली की टोपली लवंडली. तिची सासू, नणंद, सगळ्या हसल्या. म्हणजे चार महिने गावात तो विनोदच चालू होता, आणि मी मात्र आरमोरीला झुरत होते.

मी मंजुरीचा कागद तिच्या हातात दिला. भूमिया काठी टेकत जवळ आला. "काय म्हनते सरकार?"

तिनं बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. गावाचं नाव आलं, तिथे ती थांबली नाही, पण आवाज जरा चढला. या वेळी नावापुढे 'वगळून' नव्हतं, 'येथे' होतं. अनुदान मंजूर, असं तिनं वाचलं. बायांनी टोपल्या खाली ठेवल्या. मग शेवटची ओळ आली. ती साहेबांना लिहावी लागली असणार, नाहीतर त्यांच्या वरचा साहेब त्यांना धरता. "अट... सदर... ग्रंथ... चुलीजवळ... ठेवू... न... येत."

 तिनं ओळ पुन्हा वाचली. मग कागद उलटा करून मागची बाजू बघितली, ती कोरी होती.

"मंग ठेवाव कुठी," ती म्हणाली, "ते तं लिवलंच नाई!"

मोहाच्या झाडाखाली गाव असं हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही. भूमियाला ठसका लागला. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. कारण सरकारचा कागद तिनं एकटीनं, कोणी न सांगता, अटीसकट वाचला होता. अर्धं गेलेलं परत येते काय, असं तिनं विचारलं होतं. ते परत आलं होतं.

त्या उन्हाळ्यात तिनं जहाजाची गोष्ट पुरी केली. जहाज किनाऱ्याला लागलं तेव्हा बाया पानं टाचायची थांबल्या होत्या. पुढे पुष्कळ वर्षांनी आमच्या वाचनालयातली ती चारही कपाटं वाळवीनं संपवली आणि नवं फर्निचर येताना जुनी पुस्तकं रद्दीत निघाली, तेव्हा हे एक मी मागून घेतलं. मागच्या चिठ्ठीवर अजून आधी अंगठा आणि मग ती तीन अक्षरं आहेत.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. संध्याकाळची गाडी गाठायला मी निघाले, तेव्हा पाणी प्यायला तिच्या घरात गेले. नवी पेटी कोपऱ्यात उघडी पडली होती, रिकामी. तीसच्या तीस पुस्तकं शिंक्यांत चढून बसली होती. आणि सरकारचा तो मंजुरीचा कागद, अटीसकट, तिनं चार घड्या करून पानात गुंडाळला होता आणि चुलीवर, बियाण्याच्या तुंब्याशेजारी, सगळ्यात वर ठेवला होता.